जळजळीवर मेंथॉलची गोळी रोज चघळली तर चालेल का?

तुमचा प्रश्न असा, की जेवणानंतर घसा खवखवतो, छातीच्या मधोमध जळजळतं, मेंथॉलची गोळी चघळली की दहा मिनिटं बरं वाटतं, मग ती रोज घ्यायला काय हरकत आहे? मी डॉक्टर नाही, पण माझं काम दिवसभर बोलण्याचं आहे आणि हा उद्योग मी दोन वर्षं केलाय. घशासाठी चालेल, छातीतल्या जळजळीसाठी मी तरी घेणार नाही.

एक करून बघा. गोळी विरघळून संपली की खोलीच्या तापमानाचं साधं पाणी प्या. बर्फाचं वाटेल. पाणी मात्र होतं तेवढंच आहे, थर्मामीटर लावून खात्री करा. जीभ-घशातल्या नसांच्या टोकांवर टीआरपीएम8 नावाचं प्रथिन असतं. साधारण 25 अंशांच्या खाली ते जागं होतं आणि मेंदूला 'गार' असा निरोप धाडतं. मेंथॉल हीच कळ गारवा नसताना दाबतं. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन यांच्या गटांनी 2002 मध्ये हे वेगवेगळं शोधून काढलं. पुढे 2021 मध्ये तापमान आणि स्पर्शाच्या संवेदनांवरच्या कामासाठी दोघांना नोबेल मिळालं.

म्हणून हा थंडावा खोटा म्हणायचा का? तसं नाही. 'गार'चा निरोप दुखण्याचा आणि खोकल्याच्या ढासेचा निरोप खरोखर दाबतो. शिवाय गोळी चघळताना लाळ सुटते. लाळेत बायकार्बोनेट असतं, वर आलेलं आम्ल त्याने थोडं शमतं. माझ्या मते निम्मं श्रेय त्या लाळेचंच. साधी, मेंथॉल नसलेली गोळी चघळूनही तेवढं मिळतं.

अडचण खाली आहे. अन्ननलिका जेमतेम 25 सेंटीमीटर लांब, गिळलेला घोट दहाएक सेकंदांत पोटात उतरतो. तिथे थंडावा रेंगाळणार किती? उलट पेपरमिंट तेल आणि मेंथॉल स्नायू सैल करतात, आणि अन्ननलिका जठराला मिळते तिथली झडप हा स्नायूच. ती सैल पडली की आम्ल वर यायला वाट मोकळी. गंमत म्हणजे अन्ननलिकेला पेटके येणाऱ्या काही रुग्णांना डॉक्टर पेपरमिंट तेल याच गुणासाठी देतात.

माझा आवाज सकाळी बसलेला असायचा, म्हणून मी झोपताना दोन गोळ्या तोंडात ठेवायचे. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीने घसा पाहिला आणि विचारलं, "रात्री काय घेता?" मी कौतुकाने डबी काढून दाखवली. "आधी हे बंद करा," म्हणाले. मग जेवण झोपेच्या तीन तास आधी, पलंगाची उशाकडची बाजू वीतभर उंच आणि काही आठवडे आम्ल कमी करणारी गोळी. आवाज सुटायला दीड-दोन महिने लागले.

पेपरमिंटचा वास नको असणाऱ्यांसाठी डब्ल्यूएस-3, डब्ल्यूएस-23 असे कृत्रिम थंडावेही आहेत. 1970 च्या दशकात ते विल्किन्सन सोर्ड या दाढीची पाती बनवणाऱ्या कंपनीने शोधले, त्यातलं डब्ल्यूएस हे तिचंच नाव. पण कळ तीच दाबली जाते, आम्ल त्यांनीही कमी होत नाही.

घरात तान्हं बाळ असेल तर मेंथॉलचं काहीही त्याच्या नाकातोंडाजवळ नेऊ नका, श्वास अडकू शकतो.

आणि घास अडकत असेल, गिळताना दुखत असेल, वजन उतरत असेल, उलटीत रक्त किंवा शौच काळी होत असेल, किंवा आवाज तीन आठवडे बसलेलाच असेल, तर गोळी बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. जळजळ छातीत दाबल्यासारखी वाटून हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल तर तडक इस्पितळात जा, ते पित्त नसूही शकतं.