वाचकांचे प्रश्न : रझाकारांचे कोर्ट मार्शल का झाले नाही?

प्रश्न : आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर लाल किल्ल्यात कोर्ट मार्शल झाले, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. हैदराबादच्या पोलीस कारवाईनंतर राज्याचा कारभार लष्करी गव्हर्नरकडे होता, तरीही रझाकारांचे प्रमुख कासिम रझवी यांच्यावरील खटला लष्करी न्यायालयापुढे चालला नाही, असे का? (एक निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ, पुणे)

उत्तर : कोर्ट मार्शलचा अधिकार मुख्यतः आरोपीचे नाव कोणत्या पटावर, म्हणजे कोणत्या सैन्याच्या नोंदवहीत, आहे यावरून ठरतो, गुन्हा किती भयंकर आहे, हा प्रश्न त्यानंतरचा. शाहनवाझ खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लाँ हे तिघेही ब्रिटिश हिंदी सैन्याचे अधिकारी होते, आणि जपान्यांच्या हाती सापडल्यानंतर त्यांनी आझाद हिंद सेनेत प्रवेश केला तरी सरकारच्या लेखी त्यांची मूळ नोकरी संपलेली नव्हती. म्हणून १९११ च्या लष्करी कायद्यान्वये त्यांच्यावर खटला भरता आला, आणि आरोप मात्र भारतीय दंडविधानातील, राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा, ठेवण्यात आला. याच सेनेत मलाया आणि सिंगापूरमधील मळेकामगार, दुकानदार असे असंख्य नागरिकही भरती झाले होते; ते कधीच ब्रिटिशांच्या पटावर नसल्यामुळे त्यांना या कायद्याच्या कक्षेत ओढणे शक्य नव्हते.

या तिघांचे वकील भुलाभाई देसाई यांनी बचावात मांडलेला मुद्दा आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. आझाद हिंद सेना ही बंडखोरांची टोळी नसून सुभाषबाबूंच्या हंगामी सरकारची, स्वतःचा कायदा आणि शिस्त असलेली संघटित सेना आहे, त्यामुळे तिने केलेल्या युद्धाला दंडविधान लावता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मानला नाही आणि तिघांनाही जन्मठेप, बडतर्फी व थकीत पगाराची जप्ती अशी शिक्षा ठोठावली. परंतु जानेवारी १९४६ मध्ये सरसेनापती ऑकिनलेक यांनी देशातील वातावरण ओळखून जन्मठेप माफ केली आणि उरलेली शिक्षा कायम ठेवली.

रझाकारांकडे गणवेश होता, कवायत होती, शपथ होती आणि बंदुकाही होत्या, परंतु ते मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन या पक्षाचे स्वयंसेवक होते. निजामाचे खडे सैन्य वेगळे, त्याचे सेनापती जनरल एल एद्रूस, आणि सप्टेंबर १९४८ मध्ये शरणागती पत्करली ती त्या सैन्याने. रझाकाराचे नाव राज्याच्या कोणत्याही लष्करी पटावर नसल्याने कायद्याच्या दृष्टीने तो हत्यार हाती घेतलेला खासगी माणूस ठरत होता, आणि त्याच्यावर लागू होणारी कलमेही खून, दरोडा व जाळपोळ अशी साधीच होती. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या लष्करी राजवटीने या खटल्यांसाठी विशेष न्यायाधिकरण नेमले. नेहमीच्या फौजदारी खटल्यात सत्र न्यायालयाकडे प्रकरण सोपवण्यापूर्वी होणारी प्राथमिक चौकशी त्यात गाळलेली होती, आणि वादाचे मूळ तेथेच होते. खटला चालू असतानाच २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले, आणि आता कायद्यापुढे समानता लागू झाली असताना वेगळी कार्यपद्धती कशी चालेल, हा प्रश्न घेऊन रझवी सर्वोच्च न्यायालयात गेले. संविधानानंतर चाललेला खटल्याचा भाग नेहमीच्या पद्धतीपासून फारसा ढळलेला नाही, असे म्हणून १९५३ मध्ये न्यायालयाने बीबीनगर येथील दरोड्याच्या प्रकरणातील रझवींची दोषसिद्धी कायम ठेवली. शिक्षेतील काही काळ रझवी आपल्या येरवड्याच्या तुरुंगात होते. १९५७ मध्ये सुटल्यावर ते पाकिस्तानात गेले.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. त्याच काळात हैदराबाद संस्थानाच्या सीमेवर निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसच्या सशस्त्र शिबिरांतील तरुण करोडगिरी (जकात) नाक्यांवर हल्ले करत होते, आणि जानेवारी १९४८ मध्ये उमरीची बँक लुटण्यात आली. कागदावर पाहिले तर तीही पटाबाहेरची हत्यारबंद माणसेच होती, परंतु या शिबिरांतील सैनिकांना पुढे स्वातंत्र्यसैनिक म्हणून सन्मान आणि निवृत्तिवेतन मिळाले. निःशस्त्र गावकऱ्यांवर अत्याचार करणारे आणि जुलमी सत्तेशी लढणारे यांच्यातील नैतिक अंतर मी पुसू इच्छित नाही. ते अंतर कायद्याच्या कलमाने ठरवलेले नव्हते, विजयाने ठरवलेले होते, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रश्न : इतर नवस्वतंत्र देशांनी आपापल्या सशस्त्र संघटनांना कायद्याच्या चौकटीत कसे आणले? (कायद्याची विद्यार्थिनी, कर्वेनगर, पुणे)

उत्तर : बहुतेक ठिकाणी बंदूक आधी आली आणि कायदा मागाहून. इस्राएलची स्थापना १४ मे १९४८ रोजी झाली आणि त्या महिन्याच्या अखेरीस हगाना या भूमिगत संघटनेचे सरकारी सैन्यात रूपांतर झाले, परंतु भूमिगत काळातील सवयी काही आठवड्यांत सुटणाऱ्या नव्हत्या. जेरुसलेमच्या वीज कंपनीत काम करणारे सैन्यातील अधिकारी मेईर टोबियान्स्की यांच्यावर शत्रूला माहिती पुरवल्याचा संशय आला. ३० जून रोजी त्यांना एका ओसाड गावात नेण्यात आले, तेथे गुप्तचर खात्याच्याच अधिकाऱ्यांनी आरोप केला, त्यांनीच निकाल दिला आणि त्याच दिवशी गोळ्या घातल्या. वकील नाही, अपील नाही. पुढच्या वर्षी पंतप्रधान बेन-गुरियन यांनी त्यांच्या पत्नीला ते निर्दोष असल्याचे कळवले आणि त्यांचा हुद्दा मरणोत्तर परत दिला. गुप्तचर प्रमुख इसेर बेएरी मनुष्यवधाबद्दल दोषी ठरले, पण शिक्षा नाममात्र झाली. लष्करी न्यायाचा सविस्तर कायदा त्या देशात १९५५ मध्ये आला.

बांगलादेशाने उलट वाट धरली. मुक्तियुद्धातील तरुणांना सामावून घेण्यासाठी १९७२ मध्ये जातीय रक्षी बाहिनी हे निमलष्करी दल उभारण्यात आले, आणि १९७४ च्या दुरुस्तीने तिला वॉरंटाशिवाय अटक व झडतीचा अधिकार देऊन सद्‌हेतूने केलेल्या कृत्यांबद्दल संरक्षणही दिले. म्हणजे पट होता, पण जाब विचारणारे कोणी नव्हते. १९७५ मध्ये हे दल सैन्यात विलीन झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील सैनिकांच्या उठावाचे सूत्रधार, मुक्तियुद्धात एक पाय गमावलेले कर्नल अबू ताहेर यांच्यावर पुढच्या वर्षी ढाक्याच्या तुरुंगातच विशेष लष्करी न्यायाधिकरणाने बंद दाराआड खटला चालवला आणि २१ जुलै १९७६ रोजी त्यांना फाशी दिली. ज्या आरोपाखाली फाशी झाली त्याला मृत्युदंडाची तरतूद करणारी दुरुस्ती त्यानंतर, ३१ जुलैला आली. २०११ मध्ये ढाक्याच्या उच्च न्यायालयाने हा खटला बेकायदा ठरवला.

टांगानिकाचे (आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग) उदाहरण मला अधिक बोलके वाटते. जानेवारी १९६४ मध्ये पगारवाढ आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांची हकालपट्टी यांसाठी तेथील पलटणींनी बंड केले, आणि अध्यक्ष न्येरेरे यांना ते मोडण्यासाठी ब्रिटिश सैन्यच बोलवावे लागले. कोर्ट मार्शलने दिलेल्या शिक्षा त्यांना फार सौम्य वाटल्या, तसे ते उघड बोललेही, परंतु त्यांनी त्या बदलल्या नाहीत. मात्र जुने सैन्य मोडून नवे उभारताना भरती आपल्या पक्षाच्या युवक शाखेतून केली, हेही नोंदवले पाहिजे.

प्रश्न : होमगार्डलाही कोर्ट मार्शल लागू होते का? (एक वाचक, हडपसर, पुणे)

उत्तर : नाही. होमगार्ड संघटना मुंबई प्रांतात डिसेंबर १९४६ मध्ये सुरू झाली आणि तिला १९४७ च्या प्रांतिक कायद्याचा आधार आहे. कर्तव्यावर बोलावलेल्या होमगार्डला पोलिसांसारखे अधिकार असतात आणि गुन्हा केल्यास खटला साध्या न्यायालयात चालतो. प्रादेशिक सेनेचे (टेरिटोरियल आर्मीचे) तसे नाही. १९४८ च्या कायद्यानुसार तिचा जवान प्रत्यक्ष सेवेवर किंवा प्रशिक्षणावर असताना लष्करी कायद्याखाली येतो. खड्या सैन्यातील जवानालाही १९५० च्या लष्करी कायद्याचे कलम ७० लक्षात ठेवावे लागते : शांततेच्या ठाण्यावर, युद्धसेवेत नसताना त्याने बाहेरच्या नागरिकाचा खून किंवा बलात्कार केला, तर कोर्ट मार्शल भरवता येत नाही. घोरपडीच्या छावणीतील अशा आरोपीचा खटला शिवाजीनगरच्या सत्र न्यायालयातच चालेल.