थर्मल घेताना आधी अंतर मोजा, मग मॉडेल बघा

तुम्ही विचारलंय की घरामागं मोठी जमीन आहे, टोकाला गोठा आणि पाण्याचा पंप, रात्री कुत्री भुंकायला लागतात आणि बॅटरी मारली की फक्त पुढचं गवत दिसतं, तर स्वस्तातला थर्मल, म्हणजे उजेडाऐवजी उष्णता टिपून अंधारात दाखवणारा कॅमेरा, कुठला घ्यावा. मी दोन वापरलेत, पहिला चुकीचा घेतला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मॉडेल बघायच्या आधी एक काम करा. तुम्ही जिथं उभं राहून बघणार तिथून गोठा किती लांब, पंप किती लांब, कुंपणाचा शेवटचा कोपरा किती लांब, हे मोबाइलच्या नकाशावर मोजून कागदावर लिहा. बहुतेकांना वाटतं अर्धा किलोमीटर तरी असेल आणि मोजलं की दीडशे मीटर निघतं. सगळा खर्च या एका आकड्यावर ठरतो.

कारण बॉक्सवर 'माणूस ५०० मीटरवर दिसतो' असं जे छापलेलं असतं ना, त्याचा अर्थ तिथं काहीतरी गरम आहे एवढंच कळतं, तो माणूस आहे की वासरू ते नाही. १९५८ साली अमेरिकी लष्कराच्या नाइट व्हिजन संशोधनातले जॉन जॉन्सन यांनी मांडलेले निकष अजून वापरतात, त्या हिशोबानं 'काहीतरी आहे' कळायला साधारण २ पिक्सेल (चित्रातले ठिपके) पुरतात, पण माणूस की जनावर हे कळायला ८ च्या आसपास लागतात. आता स्वस्तातले बरेचसे मोनोक्युलर, म्हणजे एका डोळ्यानं बघायचे थर्मल, २५६ × १९२ सेन्सरचे (आडवे २५६, उभे १९२ पिक्सेल), १२ मायक्रॉन पिक्सेलचे असतात. त्याला १० मिमी लेन्स असेल तर १०० मीटरवर एक पिक्सेल म्हणजे १२ सेंटिमीटर, म्हणजे उभा माणूस १४ पिक्सेल उंच आणि ४ पिक्सेल रुंद. चालतोय हे स्पष्ट कळतं. ३०० मीटरवर तोच माणूस जेमतेम ५ पिक्सेल उंच, नुसता ठिपका. लेन्स २५ मिमी घेतली तर एक पिक्सेल ५ सेंटिमीटरच्या आत येतो, लांबचं छान दिसतं, पण १०० मीटरवर फक्त १२ मीटर रुंदीची पट्टी दिसते, १० मिमीला ती ३० मीटर असते. राखण करताना सगळा पट्टा फिरवून बघायचा असतो, अरुंद नजरेनं दोन मिनिटांत कंटाळा येतो आणि नेमका कोपरा सुटतो. म्हणून माझं स्पष्ट मत, दीडशे मीटरच्या आत असेल तर २५६ चा सेन्सर आणि १० मिमी लेन्स पुरे. त्याच्या पुढे जायचं असेल तर ३८४ × २८८ आणि १५ ते १९ मिमी, त्यासाठी चार महिने थांबून पैसे साठवावे लागले तरी थांबा. डिजिटल झूमच्या आकड्याकडे बघूच नका, तो तेच पिक्सेल मोठे करून दाखवतो.

मोबाइलला लावायचा छोटा थर्मल घेऊ नका. मी पहिल्यांदा तोच घेतला. ते पाइप आणि वायरिंग तपासायला बनवलेले असतात, नजर खूप रुंद, त्यामुळे गोठ्याजवळचा माणूस दोन-तीन पिक्सेलचा होतो, वर मोबाइलच्या स्क्रीनचा उजेड आपल्याच तोंडावर पडतो आणि समोरच्याला आपण कुठं उभे आहोत ते कळतं. आणि 'नाइट व्हिजन' म्हणून जे स्वस्त मिळतं ते बहुतेक वेळा थर्मल नसतंच, ते स्वतःचा इन्फ्रारेड दिवा मारतं, झुडपामागचं काही दाखवत नाही. जाहिरातीत मायक्रोबोलोमीटर (उष्णता टिपणारा सेन्सर) किंवा सेन्सरचं रिझोल्यूशन, एनईटीडी (खाली सांगतो) असं लिहिलेलं नसेल तर सोडून द्या.

एनईटीडी म्हणजे तापमानातला किती बारीक फरक कळतो ते, आकडा जितका कमी तितकं चांगलं. कोरड्या थंड रात्री ५० मिलिकेल्विनच्या (एक मिलिकेल्विन म्हणजे अंशाचा हजारावा भाग) थर्मलमधूनसुद्धा मस्त दिसतं, पण पाऊस पडून गेल्यावर माती, झाडं, कुंपण सगळं एकाच तापमानाला येतं आणि चित्र पुसल्यासारखं होतं, तेव्हा ३५ च्या खालचा कामाला येतो. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं ते, २५ हर्ट्झ किंवा जास्त बघा, ९ हर्ट्झचा फिरवताना झटके देतो. बॅटरी बदलता येणारी हवी, १८६५० नावाचे सुटे मिळणारे लिथियम सेल चालत असतील तर उत्तमच, आतली बंद बॅटरी थंडीत पहाटे दगा देते.

वापरताना एक गोष्ट विसरू नका, काचेतून काही दिसत नाही, खिडकी उघडावीच लागते. आणि पहिले आठ दिवस रोज बघायची सवय करा. दिवसभर तापलेले दगड, सिमेंटचे खांब मध्यरात्रीपर्यंत गरम राहून थर्मलमध्ये पांढरे दिसतात, एकदा बांधावर कोणीतरी दबा धरून बसलंय असं मला वीस मिनिटं वाटत होतं, सकाळी बघितलं तर दगडांचा ढीग. गाय उठून गेली की ती बसलेल्या जागेचा आकार जमिनीवर तसाच पांढरा राहतो आणि हळूहळू विरतो, तो पहिल्यांदा बघितल्यावर मी जनावर मोजताना एक जास्त मोजलं होतं. आपल्या जागेत रात्री रोज काय गरम असतं ते पाठ झालं की नवीन ठिपका लगेच डोळ्यात भरतो.

चेहरा मात्र एवढ्या अंतरावरून अशा थर्मलमध्ये ओळखू येत नाही. रात्री शेजारीही येऊ शकतो, स्वतःचं हरवलेलं जनावर शोधायला. त्यामुळे माणूस दिसला तर एकट्यानं चालत जाऊ नका, घरातूनच मोठा दिवा लावा, हाक मारा, फोन करा, आणि तोवर तो कुठल्या बाजूनं जातोय ते थर्मलमधून बघत राहा. अंतरं मोजली की इथं लिहा, त्यावरून लेन्स नक्की कुठली ते सांगतो.