फॉर्मवर 'इंडियन' लिहिल्याने हृदयाचा धोका कसा वाढतो?

तुमचा मूळ प्रश्न असा: इंग्लंडमधल्या लेस्टरला राहणाऱ्या भावाचं कोलेस्टेरॉल बरं, अंगाने सडपातळ, तरी तिथल्या डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर 'इंडियन' निवडताच हृदयविकाराचा धोका वाढला आणि गोळी सुचवली. हा भेदभाव नाही का? आणि सिन्नरला राहणारे ६८ वर्षांचे वडील, जन्मभर विडी, चालताना पोटऱ्या भरून येतात, त्यांनाही हेच लागू का?

भेदभाव नाही. पुढच्या दहा वर्षांत हृदयविकार किंवा पक्षाघात होण्याची शक्यता काढणाऱ्या त्या ब्रिटिश गणिताला क्यूरिस्क म्हणतात, २००८ पासून त्यात वंश विचारतात. बाकी सगळं सारखं धरलं तर भारतीयाचा आकडा गोऱ्यापेक्षा वर जातो, पण कॅरिबियन कृष्णवर्णीयाचा खाली येतो. त्या लोकांत हृदयविकार कमी, पक्षाघात मात्र जास्त. म्हणजे 'रक्तवाहिन्यांचा आजार' असा एकच आकडा कुठल्याच समाजाला चिकटवता येत नाही. नेमकी कुठली रक्तवाहिनी, ते आधी विचारायचं.

आपल्याकडे हृदयाचं दुखणं लवकर गाठतं. ५२ देशांच्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांचा पहिला झटका साधारण ५३व्या वर्षी होता, इतरांचा ५९च्या आसपास. कारणं मात्र जगभर तीच: तंबाखू, मधुमेह, बीपी, रक्तातली चरबी, पोटाचा घेर वगैरे. आपल्याला ती तरुणपणीच लागतात, एवढाच फरक. 'आपलं रक्तच तसलं' म्हणून हात झटकायची सोय त्यात नाही.

सडपातळपणावर तर मुळीच जाऊ नका. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मापं छापली होती. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. भावाला वजनकाटा सोडून कमरेला टेप लावायला सांगा. आपल्या पुरुषांसाठी ९० सेंमीच्या आत हवी, बायकांसाठी ८०.

आता वडील. इंग्लंडमधल्या दक्षिण आशियाई लोकांत पायाच्या धमन्यांचा आजार गोऱ्यांपेक्षा कमी आढळतो, पोटातली महाधमनी फुगण्याचा तर फारच कमी. पण हा दिलासा विडीवाल्या माणसाला लावू नका. विडी-तंबाखूमुळे पंचेचाळिशीच्या आतच बोटं काळी पडणारा बर्जरचा आजार पश्चिम युरोपात दुर्मीळ, आपल्याकडे नाही. वडिलांच्या वयात तो नव्याने सुरू होणं अवघड. त्यांच्या धमन्या नेहमीसारख्या चरबीने अरुंद झाल्या असाव्यात. आजार यातला कुठलाही असो, विडी सुटायलाच हवी.

मी नाशकात बरीच वर्षं डॉप्लरवर (धमनीतल्या रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्रावर) काम करतो, म्हणून सांगतो: आधी घोट्याचं आणि दंडाचं बीपी तपासून घ्या. पेशंटला आडवं झोपवून घोट्यावर पट्टा बांधतात, जेल लावून पेन्सिलसारखा प्रोब पावलावर टेकवतात. पट्टा फुगला की फुसफुस आवाज थांबतो, हवा सोडताना परत येतो, तो आकडा. त्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. ०.९ किंवा खाली आलं तर धमनी अरुंद आहे. शुगरवाल्यांचा आकडा कधी १.४च्या वर जातो. तो चांगला समजून घरी जाऊ नका, धमनी कडक झाल्याने पट्ट्याला दबत नसते. मग पायाच्या अंगठ्याचं बीपी बघावं लागतं. बोट काळं पडलं, जखम भरत नसेल किंवा रात्री झोपेतही पाय दुखत असेल, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता सर्जन गाठा.

रिपोर्ट आला की दोन्ही पायांचे आकडे इथे टाका, नाव झाकून.