प्रोबचं सिम्युलेशन करतोयस? आधी टू-डी सोड

निअर-फील्ड मायक्रोस्कोपचा प्रोब, म्हणजे टोकाला बारीक छिद्र असलेला, धातूचा लेप दिलेला निमुळता फायबर, ‘टू-डीत पटकन बघतो, मग थ्री-डी करतो’ म्हणालास ना, तिथेच थांब. मीही तेच केलं होतं. टोकातून इतका भरघोस प्रकाश बाहेर आला की दोन दिवस मी हवेतच होतो! टू-डीत अॅल्युमिनियमच्या दोन भिंतींची नुसती फट उरते, आणि फटीतल्या टीईएम मोडला (मोड म्हणजे प्रकाश वाहण्याची एक ठरावीक रचना) कटऑफच नसतो, म्हणजे फट कितीही अरुंद झाली तरी तो पुढे जातो. खऱ्या शंकूत सगळ्यात शेवटपर्यंत टिकणारा एचई-११ मोडसुद्धा ४८८ नॅनोमीटर तरंगलांबीला साधारण १६० नॅनोमीटर व्यासापाशी अडतो, पुढे फक्त विझत जातो. म्हणून तर १०० नॅनोमीटरच्या छिद्रातून इतका क्षीण प्रकाश येतो.

मशीनला पूर्ण थ्री-डी झेपत नसेल तर दंडगोलीय निर्देशक (सिलिंड्रिकल कोऑर्डिनेट्स) घे, मीप या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे. पण त्यात एम, म्हणजे अक्षाभोवतीच्या एका फेरीत क्षेत्राची किती आवर्तनं होतात तो आकडा, १ ठेव. शून्य ठेवलास तर एचई-११ येतच नाही, आणि चूक शोधण्यात आठवडा जातो.

अख्खा फायबर नको, शेवटचे दोन-तीन मायक्रॉन पुरे. अॅल्युमिनियममध्ये प्रकाशाचं विद्युतक्षेत्र दहा-पंधरा नॅनोमीटरमध्येच मरतं, त्यामुळे तिथे हिशोबाची जाळी (ग्रिड) २ नॅनोमीटरची घे. मग १ करून आकडा हलतो का बघ. छिद्राची कड मात्र जरा गोल कर. धारदार कोपऱ्यावर जाळी बारीक करशील तसं क्षेत्र वाढतच जातं, आणि पोरं त्यालाच ‘एन्हान्समेंट’ (क्षेत्राची खरी वाढ) म्हणून स्लाइडवर टाकतात.

सॅम्पलशिवायचं रन फक्त तपासणीपुरतं. सॅम्पलची काच टोकापासून १० नॅनोमीटरवर आणलीस की टोकाखालचं चित्रच बदलतं.