घरी रबराचा ब्रेस बनवून साधा सर्जिकल मास्क चेहऱ्यावर घट्ट बसवता येतो का?

हो, येतो. ब्रेस म्हणजे मास्कवरून लावायचा, त्याच्या कडा चेहऱ्याला दाबून धरणारा पट्टा. आणि "असले उद्योग करण्यापेक्षा चांगला महागाचा मास्क घ्या" असं ज्यांनी तुम्हाला सांगितलं, त्यांचं म्हणणं मी आमच्याच घरात इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

मी एक्स-रे टेक्निशियन आहे, तालुक्याच्या रुग्णालयात. तुम्ही लिहिलंय की आईच्या टीबीच्या उपचारांसाठी ओपीडीच्या रांगेत तासन्‌तास बसावं लागतं, मास्क गालाजवळ उघडा राहतो आणि चष्म्यावर वाफ येते. आईच्या छातीचा फोटो काढायला गेला असाल तर आमची खोली पाहिलीच असेल. खिडकी नाही, दाराला शिसं, हवा म्हणाल तर एसीची तेवढी. पेशंटला प्लेटला छाती टेकवून उभं करायचं, खांदे पुढे ढकलायचे, हनुवटी वर करायची आणि "दीर्घ श्वास घ्या, धरून ठेवा" म्हणायचं. फुफ्फुसं खराब असलेल्या माणसाने दीर्घ श्वास घेतला की खोकल्याची उबळ ठरलेली. तेव्हा माझं तोंड त्याच्यापासून हातभर अंतरावर असतं.

२०२१ च्या एप्रिलमध्ये ही रांग संपतच नव्हती. एन-९५ मास्क यायचे ते आधी कोविड वॉर्डात जायचे, आणि ते बरोबरच होतं. आमच्या वाट्याला तीन पदरी सर्जिकल मास्क. माझा चेहरा अरुंद, गाल आत गेलेले. मास्क लावला की दोन्ही बाजूंना करंगळी जाईल एवढी फट. चष्मा असा धुरकट व्हायचा की एक्स-रे मशीनची ट्यूब सेंटर करताना खूण दिसायची नाही.

त्याच वर्षी १० फेब्रुवारीला अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, मास्क चेहऱ्याला नीट बसवण्याबद्दल सल्ला काढला होता: कानाच्या दोऱ्यांना गाठ मारून कडा आत दुमडा, सर्जिकल मास्कवर कापडी मास्क लावा, किंवा वरून मास्क फिटर म्हणजे ब्रेस लावा. घरगुती ब्रेसची कल्पना त्याच्याही आधीची. सॅब्रिना पेसमन ही अ‍ॅपलमध्ये काम केलेली इंजिनिअर. तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये तीन रबर बँड एकमेकांत अडकवून तो करून दाखवला आणि कृती सगळ्यांसाठी खुली ठेवली. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसनमधल्या इंजिनिअरांनीही लवचिक दोरी आणि तारेचा फिटर बनवून त्याचा आराखडा फुकट दिला. म्हणजे हे काही कुणा रिकामटेकड्याचं डोकं नव्हे.

एवढे मोठे रबर बँड आमच्या गावात मिळेनात. आमच्या वॉर्डातल्या मामांनी (वॉर्डबॉयने) पंक्चरवाल्याकडून मोटरसायकलची फुटकी ट्यूब आणून दिली. तिच्या मी आडव्या चकत्या कापल्या, म्हणजे रबर बँडसारखी कडी, बोटाच्या नखाएवढी रुंद. आत पांढरी पावडर असते ती साबणाने दोनदा धुतली, चकत्या उन्हात न ठेवता पंख्याखाली वाळवल्या. तीन चकत्या एकात एक ओवल्या. मधली चकती मास्कवर बसते: वर नाकाच्या तारेवर, खाली हनुवटीखाली, बाजूंनी गालांवर. बाजूच्या दोन्ही मागे ओढून डोक्याच्या मागच्या बाजूला परकराच्या नाडीने बांधायच्या. मूळ कृतीत त्या कानांत अडकवतात, पण आठ तासांच्या ड्युटीत कान सोलून निघतात. नाडीने हवं तेवढं घट्ट-सैल करता येतं.

पहिल्यांदा बांधून श्वास घेतला आणि मास्कचं कापड आत ओढलं गेलं, सोडला तसं बाहेर फुगलं. त्याआधी माझा मास्क कधी हललाच नव्हता, कारण हवा मुळी त्यातून जातच नव्हती. चष्मा स्वच्छ.

आता भाऊजींविषयी. माझ्या दिरांचं मेडिकल स्टोअर आहे. त्या दिवसांत ते पाच पदरी मास्क विकायचे आणि काउंटरवर गिऱ्हाइकांना काडी पेटवून दाखवायचे. मास्क लावून फुंकर मारली, काडी विझली नाही, की मास्क अस्सल. एका संध्याकाळी मी तिथे उभी होते. मी म्हटलं, "भाऊजी, काडी समोर धरू नका, गालाशी धरा." त्यांनी धरली. फुंकर मारली, ज्योत कानाकडे आडवी झाली आणि विझली. गिऱ्हाईक माझ्याकडे बघायला लागलं. भाऊजी हसून म्हणाले, "वहिनी, तुम्ही छातीचे फोटो काढा, मालाचं आम्हाला कळतं." पुढे मी तो ट्यूबचा ब्रेस लावून घरी आले तेव्हा सगळ्यांसमोर "आता टायर पण लावा" झालं. दिवाळीला अजून हा विषय निघतो.

मालाचं म्हणाल तर ऐका. साध्या तीन पदरी मास्कचा मधला पदर मेल्टब्लोन कापडाचा, म्हणजे वितळवलेल्या प्लास्टिकच्या अगदी बारीक धाग्यांच्या कापडाचा असतो. त्यावर विद्युतभार दिलेला असतो आणि तो बारीक कण ओढून धरतो. चांगल्या सर्जिकल मास्कचं कापड नुसतं वाटतं तेवढं वाईट नसतं. राज्य सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये किमती बांधून दिल्या तेव्हा असा मास्क तीन-चार रुपयांना होता आणि एन-९५ ४९ रुपयांपर्यंत. फरक निव्वळ कापडाचा नाही, बसण्याचा आहे. एन-९५ चेहऱ्याला चिकटून बसावा म्हणूनच त्याचा आकार तसा असतो आणि अस्सल एन-९५ ला डोक्यामागून जाणारे दोन पट्टे असतात. उलट सैल मास्कला पदर वाढवत गेलात तर श्वासाला अडसर वाढतो आणि तेवढी जास्त हवा कडेने निघते. बांध कितीही उंच करा, कडेला भगदाड असलं की पाणी तिथूनच जाणार. भाऊजींचा पाच पदरी मास्क फट असलेल्या चेहऱ्यावर तीन पदरीपेक्षा चांगला ठरत नाही, हे मी आजही कुणाहीसमोर सांगेन.

काडी विझण्यावरून मास्कची परीक्षा करू नका. अत्तराचा किंवा उदबत्तीचा वास येतो का यावरूनही नको, वास चांगल्या एन-९५ मधूनही येतो, कारण तो वायू असतो आणि मास्क कण अडवतो. मनगटाची आतली बाजू ओली करा आणि गालाजवळ, डोळ्यांखाली, हनुवटीखाली धरून जोरात श्वास सोडा. जिथे गार लागेल तिथे फट. वाफ येणारा चष्मा हीच तुमची रोजची तपासणी समजा.

तुमच्या वाफेचं निम्मं कारण तर नाकाची तार असणार. बहुतेक लोक ती एका हाताच्या चिमटीत दाबतात. त्याने मधे टोक येतं आणि दोन्ही बाजूंना बोगदे तयार होतात. दोन्ही हातांची बोटं नाकाच्या मध्यावर ठेवून बाहेरच्या बाजूला दाबत न्या, गालाच्या हाडापर्यंत. चुण्या पूर्ण उघडून मास्क हनुवटीखाली घ्या. एवढं झाल्यावर ब्रेस. आधीच ब्रेस लावलात तर वाकडा बसलेला मास्क वाकडाच दाबला जाईल.

चकतीचा सांधा गालाच्या हाडावर यायला हवा, कानाच्या थोडा पुढे. मधली चकती मास्कच्या कडेच्या आतच राहिली पाहिजे. कडेबाहेर सरकली तर ती कातडी दाबते, कापड नाही. मास्क लहान असेल तर हे जमतच नाही, मोठ्या मापाचा घ्या. दाढी असेल तर ब्रेस केसांवर बसतो आणि केसांमधून हवा जात राहते. ब्रिटनमधल्या शीख डॉक्टरांनी यासाठी दाढी रबरी पट्ट्याने घट्ट बांधून त्यावर मास्क लावण्याची पद्धत वापरली, पण त्यांचं मास्क एन-९५ च्या जातीचं होतं. तुम्हाला सोपं पडत असेल तर दाढी काढा.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. ब्रेस लावल्याने सर्जिकल मास्कचा एन-९५ होत नाही. टीबी हवेतून पसरतो, त्यामुळे आईसोबत रोज बंद जागेत बसायचं असेल आणि एन-९५ मिळत असेल तर तोच नीट बसवून वापरा, त्यावर ब्रेस लावू नका, त्याची कड वाकडी होते. आईला ब्रेस अजिबात बांधू नका. पेशंटने साधा मास्क लावायचा असतो, तिचा खोकला बाहेर पसरू नये म्हणून. तिला आधीच धाप लागत असेल. लहान मुलांना, दम्याच्या माणसाला, झोपेत, कुणालाच नाही. रबराची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी साधे रबर बँड टाळावेत. मोटरसायकलची ट्यूब बहुतेक ब्युटाइल या कृत्रिम रबराची असते आणि लॅटेक्सची (नैसर्गिक रबराची) अ‍ॅलर्जी तिने सहसा होत नाही, तरी आधी मनगटावर तासभर बांधून बघा. आणि फवारणीला हा जुगाड कुणी वापरू नये. २०१७ मध्ये यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी दगावले. औषधाची वाफ सर्जिकल मास्कमधून सरळ आत जाते, ब्रेस असो वा नसो.

किती दिवस टिकतो ते विचारलंय. ब्रेस साबणाने धुऊन परत वापरायचा. रबर ताणल्यावर बारीक चिरा दिसायला लागल्या की नवी चकती कापा. मास्क मात्र धुवू नका आणि त्यावर सॅनिटायझर मारू नका, मधल्या पदराचा भार जातो आणि मग फक्त कापड उरतं. ओला झाला की टाकायचा. रांगेत दुपार होणार असेल तर पिशवीत दुसरा ठेवा, आणि बदलताना रांगेतून उठून बाहेर मोकळ्यावर या.