गोल कोपरे करताना घ्यायची काळजी
आपण नुकतेच सीएसएस (वेबपानाचे रूप ठरवणारी भाषा) शिकू लागला असाल, तर गोल कोपऱ्यांसाठी ‘बॉर्डर-रेडियस’ हा एकच गुणधर्म पुरेसा आहे, हे आधी लक्षात घ्यावे. जुन्या कोडमध्ये त्याच्याआधी दिसणारे ‘-मॉझ-’ आणि ‘-वेबकिट-’ हे विशिष्ट ब्राउझरांसाठीचे उपसर्ग आता गाळावेत. फायरफॉक्सच्या चौथ्या आणि इंटरनेट एक्स्प्लोररच्या नवव्या आवृत्तीने २०११ मध्येच हा गुणधर्म उपसर्गाविना स्वीकारला. एक्स्प्लोररच्या आठव्या आवृत्तीत कोपरे चौकोनीच दिसतात, पण तेवढ्यासाठी कोपऱ्यांची चित्रे कापून जोडण्याचा खटाटोप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरी अडचण वेगळीच असते. चौकटीला गोलाई दिली, तरी आतील चित्राचे टोकदार कोपरे बाहेर डोकावतात, कारण हा गुणधर्म त्या घटकाची पार्श्वभूमी आणि कडा वळवतो, आतल्या घटकांना आपोआप कापत नाही. तेथे चौकटीला ‘ओव्हरफ्लो: हिडन’, म्हणजे बाहेर जाणारा भाग लपवा, असे लिहावे. चौकटीत चौकट असेल आणि बाहेरची त्रिज्या २० पिक्सेल व मधले अंतर ८ पिक्सेल असेल, तर आतली त्रिज्या १२ पिक्सेल ठेवावी, म्हणजे दोन्ही वक्र समांतर राहतात. लांबट बटणाला ५० टक्के दिल्यास ते लंबवर्तुळाकार होते. टोके अर्धगोल हवी असल्यास ९९९ पिक्सेल द्यावेत, कारण जास्तीचे माप ब्राउझर स्वतःच प्रमाणात कमी करतो.