५०० रुपयांच्या आत बायकोला काय देऊ?

लग्नाला वर्ष होतंय, पगार १४ हजार, ५००च्या वर जाता येत नाही आणि एवढ्यात काही द्यायचं म्हणजे लाज वाटते, असं तुम्ही लिहिलंय. त्या ‘लाज वाटते’साठी लिहायला बसले. लाज कसली? माझ्या कपाटात सोन्याच्या डबीशेजारी एक भेट आहे, तिला एक पैसाही लागला नव्हता.

आम्ही पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाज. माहेर सोलापूरच्या पूर्व भागात. घरात तेलुगू, चौथीपर्यंत शाळाही तेलुगू माध्यमाची. आमचे हे मराठी. टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. लग्न दोन्ही घरांच्या मनाविरुद्ध झालं. सासरी कुणी वाईट वागलं नाही, पण दिवसभर मराठीच. अम्माची फार आठवण यायची. दारात कुणीही आलं की ती आधी विचारायची, ‘अन्नं तिन्नवा?’ जेवलास का? सासूबाईही विचारायच्या हो, ‘जेवलीस का’ म्हणून, पण ते कानाला वेगळं लागायचं.

तेव्हा मी विड्या वळायचे. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने, त्यामुळे मांडीवरचं सूप खाली ठेवायचं जिवावर यायचं. दुपारचं जेवण तीनला, कधी चारला. हे बघायचे, बोलायचे काही नाहीत.

२०११ची भोगी. सिद्धेश्वराच्या अक्षता सोहळ्याला आम्ही दोघं गेलो होतो. संमती कट्ट्यावर सिद्धेश्वराच्या योगदंडाचं आणि कुंभारकन्येचं लग्न लागतं, अख्खं गाव वऱ्हाडी. अक्षता टाकून गर्दीतून वाट काढत घरी आलो. रात्री यांनी सदऱ्याच्या आतून एक जुडी काढली. जेकार्डची जुनी कार्डं होती. चादरीवर मोर उठतो तो या पुठ्ठ्यांना पाडलेल्या भोकांवर. बाण्याच्या एकेका धाग्याला एकेक कार्ड, अशी शेकडो कार्डं दोऱ्याने एकापुढे एक ओवलेली असतात. नक्षी बदलली की जुनी रद्दीत जातात. यांनी त्यातली सात उचलली, माझ्याच विड्यांच्या दोऱ्याने तशीच ओवली आणि प्रत्येकावर एक ओळ लिहिली. तेलुगूत!

कारखान्यात कांड्या भरणारे एक म्हातारे होते, सगळे त्यांना ताता म्हणायचे. त्यांच्याकडून चार महिने, जेवणाच्या सुट्टीत, हे अक्षरं गिरवत होते. मला पत्ताच नाही. भोकं चुकवत लिहिल्यामुळे शब्द मध्येच तुटलेले. तेलुगू अक्षरांच्या डोक्यावर तलकट्टू असतो, मास्तर वहीत बरोबरची खूण करतात तसा. तो निम्म्या अक्षरांना द्यायचाच राहिलेला. तिसऱ्या ओळीत ‘रात्री विड्या वळू नकोस, तुझे डोळे दुखतात’ असं लिहायचं होतं. डोळे म्हणजे कळ्ळु. यांनी ळच्या जागी ल काढला, त्याचं झालं कल्लु, म्हणजे ताडी. तुझी ताडी दुखते! मी इतकी हसले की सासूबाई उठून आल्या. शेवटच्या कार्डावर दोनच शब्द होते, ‘अन्नं तिन्नवा?’ ते वाचून मात्र मला रडू आवरेना.

त्याच महिन्यात हळदीकुंकवाला मी ती कार्डं कौतुकाने बायकांना दाखवली. मोठ्या वन्सं सगळ्यांदेखत म्हणाल्या, ‘आमच्या भावाने रद्दी दिली आणि ही मिरवतेय. बायकोला द्यायचं तर गुंजभर का होईना, सोनं द्यावं.’ मी काही बोलले नाही. पण यांच्या मनाला ते लागलं, आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं. २०१९च्या डिसेंबरात यांनी हप्त्यांवर १५ हजारांचा फोन आणून माझ्या हातात ठेवला. मला नको होता. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, माग बंद, मजुरी बंद. हप्ता मात्र चालू. तो फोन हातात घेतला की मला हप्त्याची तारीखच आठवायची. म्हणून सांगते, कर्ज काढून बायकोला काही देऊ नका. ते तिलाही फेडावं लागतं.

तर तुमचं. लाल बदामाची उशी, टेडी, ‘आय लव्ह यू’ लिहिलेला मग, यातलं काही आणू नका. टॉवेल-चादरही नको, सोलापुरात सत्काराला प्रत्येकाला तेच मिळतं. पंधरा दिवस नुसतं बघा ती कुठे अडते. आपल्याकडे पाणी रोज येत नाही. पाण्याच्या दिवशी रात्री कोण उठतं? तीच उठत असेल तर नळापासून टाकीपर्यंत पुरेल एवढा पाइप आणा, ५००च्या आत येतो, आणि त्या रात्री तुम्ही उठा. पाइप आणून तिच्याच हातात देऊ नका. उरलेल्या पैशांत मोगऱ्याचा गजरा घ्या आणि संध्याकाळी कंबर तलावावर जाऊन बसा, फोन घरी ठेवून.

वन्संचं एक मात्र खरं होतं, ते न लिहिणं बरं नाही. लॉकडाऊनमध्ये आम्हाला तारलं ते सोन्यानेच. लग्नात त्यांनीच घातलेली माझी कानातली गहाण ठेवली, म्हणून घरात धान्य आलं. पुढे सोडवलीही. मी त्यांचे उपकार मानते. पण ती बचत झाली. जमेल तेव्हा बायकोच्या नावावर नक्की करा, महिन्याला थोडं थोडं करा, फक्त त्या बचतीला भेट म्हणू नका. हे मी वन्संना तोंडावर कधी म्हटलं नाही, इथे म्हणतेय. आणि तुमच्या बायकोला खरोखर दागिनाच हवा असेल, तर तिला सरळ विचारा, माझं ऐकू नका. सगळ्या बायका माझ्यासारख्या नसतात.

तुमची बायको कुठली, माहेरी कुठली भाषा बोलतात, हे तुम्ही लिहिलं नाही. तेलुगू असेल तर इथेच विचारा, सात ओळी मी लिहून देते. कन्नड असेल तर आमच्या शेजारच्या आजींना विचारून सांगते. अक्षर मात्र तुमचंच हवं, चुकलं तर चुकू दे.